अठरा मिनिटांचा छापखाना

भाषणं झाली नाहीत म्हणून हळहळणारा माणूस या जगात बहुधा मी एकटाच असेन. माझी निम्मी नोकरी इतरांची भाषणं ऐकण्यात गेली. निरोप समारंभ, स्वागत समारंभ, नव्या लोखंडी कपाटांचं उद्घाटन, काही म्हणून सोडलं नाही. डोळे उघडे ठेवून झोपण्याची विद्या मी तिथेच कमावली. पण त्या शनिवारी एका माणसाने निदान पंचवीस मिनिटं बोलायला हवं होतं, आणि तो पाऊस बघून घरी बसला. त्याला मी अजून माफ केलेलं नाही. स्वतःला तर नाहीच नाही.

झालं असं, की त्या आठवड्यात आमच्या दाराच्या फटीतून एक पत्रक आत आलं. आमच्या भागातल्या चित्रपट मंडळाने वाचनालयाच्या वरच्या मजल्यावरच्या सभागृहात शनिवारी जुने चित्रपट दाखवायचं ठरवलं होतं. बायको ते मोठ्याने वाचत होती आणि मी ऐकत नव्हतो, म्हणजे सगळं नेहमीप्रमाणे चाललं होतं. मध्येच ती थांबली.

‘आई, यात छापखान्यावरचा एक माहितीपट आहे. आपल्याच छापखान्यावरचा दिसतोय.’

आपला छापखाना म्हणजे जिथे माझ्या वडिलांनी एकतीस वर्षं उभं राहून खिळे जुळवले तो. तो बंद पडूनही आता जमाना झाला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी कॅमेरा घेऊन काही माणसं तिथे आली होती आणि त्यांनी अठरा मिनिटांचा एक माहितीपट केला होता. त्यात बाबा आहेत हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं. तो पाहिला मात्र कोणीच नव्हता, बाबांनीसुद्धा नाही.

आई चष्मा पुसत होती. ती पुसतच राहिली.

‘शेवटी सुट्टी होते आणि सगळे फाटकातून बाहेर पडतात, त्यात मी आहे, असं सांगायचे हे,’ ती म्हणाली. ‘दोनदा बाहेर पडायला लावलं म्हणे. पहिल्या वेळी कोणीतरी कॅमेऱ्याकडे बघून हसलं.’

‘आई, बाबांचे फोटो आहेत की घरात,’ मी म्हणालो. ‘चांगले अल्बमभर आहेत.’

‘फोटोतला माणूस चालत नाही. मला त्यांना चालताना बघायचंय रे एकदा.’

मला ही मागणी जरा विचित्र वाटली. चालण्यात बघण्यासारखं काय असतं, सगळेच चालतात. पण बाबांना जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि या नऊ वर्षांत आईने माझ्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. तेव्हा मी हे काम जातीने हातात घ्यायचं ठरवलं. मी एखादं काम हातात घेतलं की बायको आधी घरातल्या काचेच्या वस्तू बाजूला ठेवते. मी तिच्याकडे दुर्लक्ष करतो.

पत्रकाप्रमाणे शनिवारी पाच वाजता कार्यक्रम सुरू होणार होता. आधी मोठा चित्रपट, मग दोन-तीन किरकोळ माहितीपट आणि सगळ्यात शेवटी छापखाना. म्हणजे अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या बाईने तीन तास लाकडी खुर्चीत बसायचं.

‘बसतील की,’ बायको म्हणाली. ‘उशी घेऊन जाऊ.’

इतके सोपे उपाय तिला सुचतात, कारण तिने कधी कचेरीत काम केलेलं नाही. मी आस्थापना विभागात हेडक्लार्क आहे. एकोणतीस वर्षांत मी रजेपासून पंख्यापर्यंत सगळ्यासाठी अर्ज लिहिले आहेत आणि त्यांतले बरेचसे मंजूरही झाले आहेत. हातात अशी लेखणी असताना बगलेत उशी मारून जाणं माझ्या मनाला पटेना. शुक्रवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी वाचनालय गाठलं.

मंडळाचे चिटणीस म्हणजे दोरीला बांधलेला चष्मा गळ्यात घालून फिरणारे एक किडकिडीत गृहस्थ निघाले. मी कारण सांगू लागताच त्यांनी हात वर केला.

‘तोंडी सांगून चालणार नाही. अर्ज द्या.’

मला भरून आलं. हा माणूस आपल्यातला होता. मी तिथेच बसून अर्ज लिहिला. विषय: वयोवृद्ध मातोश्रींच्या सोयीसाठी लघुपट कार्यक्रमाच्या प्रारंभी दाखविण्याबाबत. चिटणीसांनी तो दोनदा वाचला, एक काना सुधारला आणि सांगितलं की मंडळाचे सभासद नसलेल्यांच्या अर्जाचा विचार होत नाही. मी सभासदत्वाचा फॉर्म भरला. त्यावर दोन जुन्या सभासदांची शिफारस लागते असं कळलं. एक शिफारस चिटणीसांनी स्वतःच दिली. दुसरी त्यांच्या ऑपरेटरने दिली. तो त्या वेळी शिडीवर चढून पडदा टांगत होता. त्याने तिथूनच खाली वाकून गुडघ्यावर कागद धरला आणि सही केली. मग मी बाहेर बाकावर बसलो, आत कार्यकारिणीची तातडीची सभा भरली, म्हणजे चिटणीस एकटेच बसले, आणि संध्याकाळी माझ्या हातात पत्र पडलं: ‘सदर लघुपट मान्यवरांची भाषणे संपताच, मोठ्या चित्रपटापूर्वी दाखविण्यात येईल.’ खाली सही, शिक्का आणि जावक क्रमांक.

घरी येऊन मी ते पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘म्हणजे किती वाजता जायचं?’ तिने विचारलं.

पाच वाजता, एवढं म्हणालो असतो तर हे सगळं लिहायची वेळच आली नसती. पण मी तिला कागद-पेन्सिल आणायला सांगितलं.

माझा हिशेब असा. पाचचा कार्यक्रम म्हणजे सव्वापाच-साडेपाच, हे कोणीही मान्य करेल. पंचवीस मिनिटं तिथे धरली. प्रास्ताविक पाच मिनिटं. चिटणीसांचा अहवाल बारा, कारण माणूस काना सुधारणारा. पुष्पगुच्छ पाच. प्रमुख पाहुणे म्हणून एक निवृत्त प्राचार्य येणार होते. रक्तपेढीच्या उद्घाटनाला हे गृहस्थ इतकं बोलले होते, की रक्त द्यायला आलेले दोघं रक्त न देताच चक्कर येऊन पडले. तरी त्यांचा लौकिक बाजूला ठेवून मी त्यांना फक्त पंचवीस मिनिटं दिली. अध्यक्षीय समारोप आठ, आभार पाच. बेरीज केली तर छापखाना सहा वाजून पंचवीस मिनिटांनी सुरू होत होता. आपण सहा-दहाला पोचायचं, म्हणजे पंधरा मिनिटं हातात राहतात.

‘पाच म्हणजे पाच धरूनच जाऊ या,’ बायको म्हणाली. ‘चार भाषणं ऐकली तर अंगाला भोकं पडत नाहीत.’

‘आईच्या कमरेचं काय?’ मी विचारलं. हा मुद्दा बिनतोड होता. शिवाय, आज कोणाला खरं वाटणार नाही, पण मी तो मनापासून मांडला होता.

शनिवारी पहाटेपासून वारा सुटला. नऊच्या सुमाराला पाऊस सुरू झाला आणि दुपारपर्यंत समोरच्या इमारतीचा पत्रा उडून आमच्या अंगणात येऊन पडला. अशा वेळी आमच्या जिन्यात सल्ला देणारा एकच माणूस असतो. वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त ओव्हरसिअर. सगळी इमारत त्यांना हवामान खातं म्हणते. त्यांचा उजवा गुडघा पाऊस सांगतो आणि डावा वारा सांगतो अशी त्यांची श्रद्धा आहे. दोन्ही गुडघे आजवर एकदाही बरोबर आलेले नाहीत, पण ते तितक्याच विश्वासाने पुन्हा सांगतात.

‘साडेपाचला उघडीप आहे,’ ते आमच्या खुर्चीत बसून गुडघा चोळत म्हणाले. ‘बरोबर अर्धा तास. त्याआधी बाहेर पडलात तर भिजाल. माझी गाडी आहे ना, मी सोडतो तुम्हाला. मलाही बघायचाय तो छापखाना. त्याच्या समोरचं गटार मी बांधलंय.’

आई तीन वाजताच तयार होऊन बसली होती. तिने कपाटातली निळी साडी काढली होती. बाहेर जायच्या चपला घालून, मांडीवर पिशवी घेऊन, ती दाराजवळच्या स्टुलावर बसली होती. चार वाजता म्हणाली, ‘निघायचं का रे?’ साडेचारला म्हणाली, ‘लवकर गेलं तर काय होतं?’ मी तिला तक्ता दाखवला. तिने तो हातात घेतला, पण चष्मा पिशवीत होता आणि तो तिने काढला नाही. पाच वाजता तिने पिशवी पोटाशी धरली आणि ती दाराकडे बघू लागली. बायको फोनवर टॅक्सी बोलावू लागली तेव्हा ओव्हरसिअर दुखावले. शेजाऱ्याचं मन मोडणं बरं दिसत नाही, म्हणून मी तिला फोन ठेवायला लावला.

साडेपाचला पाऊस दुप्पट झाला. ओव्हरसिअर म्हणाले, हेच थांबायचं लक्षण.

मग गाडी. ओव्हरसिअरांच्या गाडीला वर्षाचे अकरा महिने ताडपत्री बांधलेली असते. दोरीच्या गाठी पावसाने फुगून दगड झाल्या होत्या. मी म्हणालो, कापू या. ते म्हणाले, एवढी चांगली दोरी कोणी कापतं का. आम्ही दोघांनी भर पावसात त्या गाठी नखांनी, किल्लीने आणि शेवटी ओव्हरसिअरांनी दातांनी सोडवल्या. गाडी सुरू झाली तेव्हा समजलं की काचेवरचा एकच वायपर चालतो आणि तोही माझ्या बाजूचा. त्यामुळे ओव्हरसिअर चाक धरून माझ्या मांडीवर निम्मे आडवे होत आणि माझ्या काचेतून रस्ता बघत. मागच्या सीटवर आई आणि बायको बसल्या होत्या. आरशात मला आईचा चेहरा दिसत होता. ती बाहेर बघत होती, पण बाहेर काहीच दिसत नव्हतं.

वाचनालयाला दोन रस्ते जातात. मोठा रस्ता सरळ आहे. ओव्हरसिअरांनी गाडी बारक्या रस्त्याला घातली, कारण तिथलंही गटार त्यांनीच बांधलं होतं आणि ते कधी तुंबलं नव्हतं. त्या दिवशी ते तुंबलं होतं. पुढे तळं पसरलं होतं आणि त्यात एक स्टूल शांतपणे गोल फिरत होतं.

‘शक्यच नाही,’ ओव्हरसिअर म्हणाले आणि दार उघडून खाली उतरले. गुडघाभर पाण्यात उभं राहून ते वाकले आणि बाहीसकट हात पाण्यात घालून झाकण शोधू लागले. मी खिडकीतून हाका मारत होतो. ते वर मान करून मला त्या गटाराचा उतार सांगत होते. तिथे आमची सहा-सात मिनिटं गेली. मला राग आला होता, पण धास्ती अजिबात वाटत नव्हती. घड्याळात पाच-पन्नास झाले होते. माझ्या हिशेबाने पुष्पगुच्छ आटोपून पाहुणे नुकतेच बोलायला उभे राहिलेले असायला हवे होते.

आम्ही वाचनालयाच्या दारात पोचलो तेव्हा सहा वाजून दोन मिनिटं झाली होती. ठरल्यापेक्षा आठ मिनिटं आधी. मी बायकोकडे बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. ओव्हरसिअर आम्हाला उतरवून परत त्यांच्या गटाराकडे गेले.

सभागृहाला सव्वीस पायऱ्या आहेत. तेराव्या पायरीवर एक चौक आहे. तिथे पोचेपर्यंत आईला धाप लागली. वरून घरघर, खडखड असा काहीतरी आवाज येत होता. मला वाटलं, पत्र्यावरचा पाऊस.

‘चल, चल,’ आई म्हणाली. ‘मला काही झालेलं नाही.’

‘आई, अजून वेळ आहे,’ मी म्हणालो. ‘पाहुणे अजून बोलतच असतील. दम खा जरा.’

मी खाली धावलो, वाचनालयातून एक खुर्ची उचलून वर आणली, तिच्यावर रुमाल अंथरला आणि आईला बसवलं. बायकोला पाण्याची बाटली काढायला लावली. आईच्या पायाशी उभं राहून मी तिला वारा घालत होतो. किती गुणी मुलगा दिसत असेन मी. अशी पाच मिनिटं गेली. मग आतून टाळ्या वाजल्या.

‘बघ,’ मी म्हणालो, ‘भाषण संपलं.’

आम्ही दार ढकलून आत गेलो तेव्हा अंधार होता आणि पडद्यावर मोठ्या चित्रपटाची नावं येत होती. चिटणीस बॅटरी घेऊन आमच्याकडे आले.

‘अहो, होतात कुठे तुम्ही?’ ते कुजबुजले. ‘प्राचार्यांनी फोन करून कळवलं, या पावसात येत नाही. अध्यक्षही आले नाहीत. माणसं सगळी मिळून एकोणीस. भाषण कोणी आणि कोणासमोर करायचं? तरी तुमच्या अर्जाचा मान ठेवून पाच-पन्नासपर्यंत थांबलो. मग लोक कुरकुरायला लागले. आत्ता संपला तुमचा छापखाना.’

मी खिशातून पत्र काढलं. जावक क्रमांक सांगितला. ‘भाषणे संपताच’ हे शब्द बोटाने दाखवले. भाषणं झालीच नाहीत तर ती संपली कशी, आणि ती संपलीच नाहीत तर लघुपट सुरू कसा झाला, असा सवाल मी भर अंधारात केला. पुढच्या रांगेतून ‘शूऽऽ’ असा आवाज आला. मी त्या आवाजालाही पत्र दाखवलं. शेवटी कोणीतरी म्हणालं, ‘अहो, त्या आजींना तरी बसू द्या,’ तेव्हा माझ्या लक्षात आलं की आई अजून उभीच आहे.

बायकोने तिला एका बाईशेजारी बसवलं. आईने त्या बाईला हळूच विचारलं, ‘शेवटी सगळे फाटकातून बाहेर पडतात का हो?’

‘हो, पडतात ना. छान दाखवलंय.’

‘त्यात एक उंच, पांढऱ्या सदऱ्यातले होते का?’

बाईने आठवून बघितलं. ‘बरेच होते हो,’ ती म्हणाली.

म्हणजे आम्ही दारात पोचलो तेव्हा छापखाना चालू होता. ती खडखड पावसाची नव्हती, यंत्रांची होती. सव्वीस पायऱ्या सलग चढलो असतो तर शेवटची काही मिनिटं हमखास मिळाली असती, आणि तिला हवी होती ती शेवटचीच मिनिटं. मी तिला तेराव्या पायरीवर खुर्ची आणून बसवलं. रुमालसुद्धा अंथरला.

ऑपरेटर भला माणूस होता. मोठा चित्रपट संपला की पुन्हा लावतो म्हणाला. दीड तास आम्ही कोणाच्या तरी दुःखाची गोष्ट बघितली. त्यातलं एक अक्षर मला आठवत नाही. शेवटची पंधरा मिनिटं उरली असताना वीज गेली, ती आलीच नाही. चिटणीस मेणबत्ती धरून म्हणाले, ‘उद्या फितीचा डबा परत न्यायला अकरा वाजता माणूस येणार आहे. तुम्ही दहाला या. मी किल्ली घेऊन येतो.’ या खेपेला मी त्यांच्याकडे लेखी मागितलं नाही. मला पुन्हा तो कागद हातात धरावासा वाटत नव्हता.

रविवारी सकाळी आम्ही टॅक्सीने आठ वाजताच फाटकावर हजर झालो. पाऊस होताच. वाचनालयाच्या रखवालदाराने फाटकाच्या गजांमधून आमच्याकडे बघितलं.

‘रविवारी बंद असतं.’

‘चिटणीसांनी बोलावलंय,’ मी म्हणालो.

‘तोंडी चालत नाही. चिठ्ठी आहे का?’

जन्मात पहिल्यांदा माझ्याकडे कागद नव्हता. मी त्याला माझं पद सांगितलं, सेवेची वर्षं सांगितली. तो ढिम्म हलला नाही. तेव्हा आई छत्रीखालून पुढे झाली.

‘दादा, माझे मिस्टर आहेत आत,’ ती म्हणाली. ‘त्यांना घटकाभर बघायचंय.’

रखवालदाराचा चेहरा पांढरा पडला. रात्रभर कोणी म्हातारा माणूस आत कोंडला गेला असं त्याला वाटलं असणार. त्याने धडाधड कुलूप काढलं आणि तो स्वतःच सगळ्या खोल्या शोधत फिरला. खरा प्रकार कळल्यावर आधी तो माझ्यावर चिडला. मग त्याने आईला आपलं स्टूल दिलं आणि दोन तास तिच्याशी गप्पा मारल्या.

दहा वाजता चिटणीस आले, ऑपरेटर आला, वीजही आली. पण रात्री छत गळून पडदा चिंब झाला होता आणि तो उतरवून ठेवला होता. खिडक्यांवरचं जाड कापडही भिजलं म्हणून काढलेलं होतं. स्पीकर बोलत नव्हता. ऑपरेटर म्हणाला, भिंतीवर दाखवतो, आवाजाशिवाय, चालेल का. आई म्हणाली, चालेल. एका खिडकीवर चिटणीसांनी सतरंजी धरली, दुसरीवर मी माझा रेनकोट धरला. बायको आईच्या शेजारी बसली.

भिंतीवर फिकट राखाडी चित्र उमटलं. खण, खिळे, भराभर चालणारे हात.

‘हे हात त्यांचे नव्हेत,’ आई म्हणाली.

यंत्रं, कागदाचे गठ्ठे, भिंतीवरचं घड्याळ. जिन्यावर पावलं वाजली. डबा न्यायला माणूस आला होता आणि दारात थांबला होता. मग घड्याळात पाच वाजले आणि माणसं उठली. फाटक दिसलं. कॅमेरा आतल्या बाजूला होता, त्यामुळे सगळे पाठमोरे. आणि त्या दिवशीही पाऊस होता. फाटकाशी येताच एकेकाने छत्री उघडली. आठ-दहा काळ्या छत्र्या, त्यांच्याखाली पाठी आणि पाय. सगळ्यांचे सदरे पांढरे.

आई उठून उभी राहिली.

‘ते बघ,’ ती म्हणाली. ‘ते बघ, थांबले.’

मी मान वळवून बघत होतो. माझे हात वर होते, खिडकीतून उजेड येत होता, ही कारणं मी सांगू शकतो. पण खरं सांगायचं तर मला सगळं दिसत होतं. आठ-दहा माणसं चालत होती आणि त्यांतले बाबा कोणते हे मला कळत नव्हतं. पंचेचाळीस वर्षं हा माणूस माझ्यासमोर रोज घरातून बाहेर पडला आणि परत आला, आणि तो चालायचा कसा हे मी कधी बघितलंच नव्हतं. कुठले, असं विचारायला मी तोंड उघडलं, तोवर शेवटची छत्री फाटकाबाहेर गेली होती आणि भिंत पांढरी झाली होती.

‘दिसले ना?’ आईने विचारलं. ती अजून भिंतीकडेच बघत होती.

‘दिसले,’ मी म्हणालो.

ऑपरेटरने विचारलं, ‘शेवटचं पुन्हा लावू का? दोन मिनिटांचं काम आहे.’ दारातल्या माणसाने घड्याळ बघितलं, पण तोही नको म्हणाला नाही.

‘नको,’ आई म्हणाली. ‘झालं माझं.’ आणि तिने माझ्याकडे बघितलं. ‘तुला बघायचंय का परत?’

आत्ताच दिसले म्हणालेला माणूस काय सांगणार? ‘नको,’ मी म्हणालो. ऑपरेटरने फीत गुंडाळली, डब्यात घातली आणि तो माणूस डबा घेऊन पावसात निघून गेला.

टॅक्सीत आई खूप बोलली. इतकी ती कित्येक वर्षांत बोलली नव्हती. ‘तू बघितलंस ना, चार पावलं टाकून थांबल्यासारखं केलं? तसंच चालायचे नेहमी. रोज घरातून निघाले की काहीतरी विसरलेलं असायचं, मग मी मागून हाक मारायची. पुढे पुढे त्यांना सवयच लागली, की थोडं चालायचं आणि थांबायचं, मी हाक मारते का बघायला. बघ, तिथे छापखान्यातसुद्धा थांबले. तिथे कोण मारणार होतं हाक?’ ती हसली. मीही हसलो. बायकोने एकदाच माझ्याकडे बघितलं आणि ती खिडकीबाहेर बघू लागली. तिला कळलं असावं. तिने मला त्यावरून कधी टोमणा मारला नाही, यावरूनच मी ते ओळखतो.

तेव्हापासून घरी कोणी आलं की आई ही हकीकत सांगते. ओव्हरसिअरांना तर तिने चार वेळा सांगितली आहे. दर वेळी शेवटी म्हणते, ‘याला विचारा. यानेही बघितलंय.’ मग सगळे माझ्याकडे बघतात आणि मी मान हलवतो.

त्या माहितीपटाची दुसरी प्रत आहे का, याची मी पुष्कळ चौकशी केली. कोणाला माहीत नाही. डबा नेणारा माणूस कुठून आला होता, हे चिटणीसांनाही नीट सांगता आलं नाही. मला तो अजून एकदाच हवा आहे, पण कशासाठी हवा आहे हे मी घरात कोणाला सांगू शकत नाही.

परवा दुपारी आई खिडकीशी बसली होती. मी कपड्यांच्या घड्या करत होतो.

‘अरे,’ ती म्हणाली, ‘हल्ली मला नीट आठवेनासं झालंय. ते थांबले, तेवढं दिसतं. पण थांबल्यावर त्यांनी मागे वळून बघितलं का रे? तुझी नजर चांगली आहे, तू सांग.’

माझ्या हातात एक सदरा होता. मी त्याची बाही सरळ केली.

‘बघितलं,’ मी म्हणालो.

‘हो ना?’ आई म्हणाली. ‘मला वाटलंच.’ आणि तिने समाधानाने डोळे मिटले.